चित्रपुस्तक, चौथीचा वर्ग आणि डेड स्टॉकचे रजिस्टर

चौथीचे शिवचरित्र १९७० साली आले. आज पन्नाशी-साठीत असलेल्या कोणालाही विचारा, त्यातले धडे पुसट झालेले असतात, चित्रे मात्र लख्ख आठवतात. विदर्भापुरती त्यात एक गोम आहे. १९५६ पर्यंत इथल्या शाळा मध्य प्रदेशात होत्या आणि पुढची चार वर्षे द्वैभाषिक मुंबई राज्यात. नव्या राज्याचा इतिहास म्हणून जे पुस्तक हातात पडले ते घाटमाथ्याचे, आणि वाचणारी पोरे काळ्या मातीतली, कपाशीच्या पट्ट्यातली. सुरुवातीच्या पाठांत सिंदखेडचे जाधव भेटतात, म्हणून बुलढाण्याला तेवढा मान. नंतर पुस्तक जे घाट चढते ते इकडे उतरत नाही. गाविलगड, नरनाळा हे इथले किल्ले, १६ ऑगस्ट १९४२ ला इंग्रजांविरुद्ध उठलेली चिमूर आणि आष्टी यांना जागा उरते ती तिसरीच्या जिल्हानिहाय पुस्तकात.

ही उणीव इतिहासावरच्या चित्रपुस्तकांनी भरून काढावी, ही अपेक्षा त्यातूनच आली. पुस्तके शाळेत पोचलीही. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत पेट्या आल्या, सर्व शिक्षा अभियानात आणखी आल्या. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय सक्तीचे केले. २०१८ नंतर प्राथमिक शाळेला पाच हजार रुपयांपर्यंतचे ग्रंथालय अनुदान आले. पुस्तके नाहीत म्हणून अडले, असे आता सरसकट म्हणता येणार नाही.

अडले ते एका शब्दाशी. शाळेत आलेली वस्तू एकतर खपणारी असते, नाहीतर जड. खडू, कागद, डस्टर खपतात. टेबल, खुर्ची, घंटा हा जडसंग्रह, म्हणजे सगळे ज्याला डेड स्टॉक म्हणतात तो. चित्रपुस्तक कशात धरायचे? ज्याने कोणी ते पहिल्यांदा घंटेच्या रांगेत चढवले, त्याने पुढच्या दोन पिढ्यांच्या मास्तरांचा हात बांधून ठेवला. कारण जडसंग्रहातली वस्तू हरवली की जबाबदारी चार्ज असलेल्याची, आणि फाटली तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून ती कमी करण्याचा, प्रस्ताव. बत्तीस पानांच्या पुस्तकासाठी प्रस्ताव कोण करत बसणार? बदलीच्या वेळी चार्ज देताना पुस्तके मोजून घेतली जातात. आकडा जुळला पाहिजे. पुस्तक कोणी वाचले का, हा रकाना रजिस्टरात नाही.

नियम इतका आंधळा असायलाच हवा असेही नाही. केंद्र सरकारच्या २००५ च्या सामान्य वित्तीय नियमांत, वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी नुकसान मानले आहे. तो नियम केंद्र सरकारच्या ग्रंथालयांचा. पण पुस्तक वापरले की झिजणार, हे सरकारला कधीच कळले नव्हते असे म्हणता येत नाही, याला तो पुरावा पुरे. खालच्या पातळीवर मात्र दुसऱ्याच वादात वेळ गेला: ही पुस्तके ‘अवांतर’ की ‘पूरक’? अवांतर म्हटले की ती जेवणाच्या सुट्टीतली, पूरक म्हटले की परिसर अभ्यासाच्या तासातली. मला हा वाद पोकळ वाटतो. पेटीला कुलूप असेल तर दोन्ही सारखेच.

२०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी पेटी उघडते, व्हरांड्यात दोरी बांधून पुस्तके टांगतात, पोरे खाली बसून वाचतात, फोटो निघतो, केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर जातो. संध्याकाळी मोजणी. त्याच सुमारास खुल्या परवान्याची मराठी चित्रपुस्तके इंटरनेटवर येऊ लागली आणि लोकवर्गणीतून टीव्ही घेतलेल्या शाळांना एक पळवाट सापडली. पडद्यावरचे पान फाटत नाही. दोनशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकत्र बसवून तेच पान दाखवता येते: पहिलीतली घोडे मोजतात, चौथीतली मजकूर वाचतात. वीज असली तर. पण पान उलटायचे कधी, हे पोराच्या हातात राहत नाही, आणि चित्रपुस्तकाचा अर्धा जीव त्यातच असतो.

अकोट तालुक्यातल्या एका वर्गात पुस्तक खरोखर पोरांच्या हातात दिलेले मी पाहिले. हिरव्या डोंगरावर ढगात शिरलेला किल्ला होता. चौथीतल्या एकाने बोट ठेवून विचारले, “सर, हा किल्ला नरनाळ्यावानी कामून नाही?” सहलीत त्याने महाकाली दरवाजा पाहिला होता, कोरीव दगडांचा. सरांनी सांगितले की चित्रकाराने किल्ला मनाने काढला आहे, आणि मग खुद्द शिवाजी महाराजांचे म्हणून भलत्याच माणसाचे चित्र कितीतरी वर्षे छापले जात होते, १९३३ साली एका संशोधकाने डच साधनांतले अस्सल चित्र पुढे आणले, तेही सांगितले. पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग पुस्तकातल्या किल्ल्याला त्याने पेन्सिलीने एक दरवाजा जोडला, वर दोन कमळे. सर बघत होते, त्यांनी अडवले नाही. त्या पुस्तकाच्या आतल्या पानावर निळ्या शाईत जडसंग्रहाचा क्रमांक घातलेला होता.