जोनासचे गुण आले कुठून?

जोनास हा बंडखोर मुलगा नव्हे. नियम पाळतो, चुकलं की ठरल्या शब्दांत माफी मागतो, रात्रीच्या जेवणानंतर दिवसभरात काय काय वाटलं ते घरच्यांना सांगतो, कारण तसा नियमच आहे. लोइस लोरी यांच्या १९९३ सालच्या 'द गिव्हर' या कादंबरीचा हा नायक, अकरा संपून बारावं लागायच्या बेतात. त्याच्या वस्तीत भूक नाही, भांडण नाही. रंग नाहीत आणि मागच्या काळाची आठवणही नाही. बाराव्या वर्षी प्रत्येकाला काम नेमून देतात. जोनासच्या वाट्याला येतं सगळ्यांच्या वतीने आठवणी सांभाळण्याचं काम. भर सभेत प्रमुख त्याचे गुण सांगतात: बुद्धी, सचोटी, धैर्य, पुढे अंगी येणारं शहाणपण आणि 'पलीकडचं दिसण्याची' शक्ती.

वरून नीटनेटक्या पण आतून माणसाला जखडणाऱ्या समाजाची गोष्ट सांगणाऱ्या गाजलेल्या जुन्या कादंबऱ्यांचे नायक थोराड असत. जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीतला विन्स्टन १९४९ साली आला तो एकोणचाळिशीचा. त्याला निदान लहानपणीचं पुसटसं काहीतरी आठवतं, म्हणून आजचं खोटं वाटतं. मुलाकडे ताडून पाहायला काहीच नसतं. जोनासआधी मुलं नायक म्हणून आलीच नव्हती असं नाही. जॉन ख्रिस्तोफरच्या १९६७ च्या 'द व्हाइट माउंटन्स'मधला विल तेरा वर्षांचा आहे. पण त्याला कुणापासून पळायचं ते ठाऊक असतं. जोनासला आपण पिंजऱ्यात आहोत हेच माहीत नाही.

मग तो सुटतो कशाच्या जोरावर? माझ्या मते शब्दांच्या. कादंबरी उघडते तीच तो शब्द शोधत असताना. आपल्याला भीती वाटतेय का? नाही, भीती मोठी. मग हे काय? मराठीत आपण धाकधूक म्हणू, त्याच्या जवळपासचा शब्द त्याला सापडतो. चार वर्षांचा असताना जेवणाआधी तो 'भुकेने मरतोय' म्हणाला होता. आपल्याकडे रोज कुणी ना कुणी म्हणतं, 'भुकेने जीव चाललाय', आणि आई पानं घेते. त्याला मात्र बाजूला घेऊन समज दिली गेली: इथे कुणी भुकेने मरत नाही, मरणारही नाही. त्याच्या मित्राने लहानपणी खाऊ मागताना असाच एक शब्द चुकवला, तर त्याला छडीचे फटके बसले, इतके की काही काळ ते पोर बोलेनासंच झालं. म्हणजे अचूक बोलणं हा तिथला धाक. जोनासने तो गुण मानून घोटला.

'पलीकडचं दिसण्या'मागे एक चित्रकार आहे. १९९४ साली या पुस्तकाला न्यूबेरी पदक हा अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या भाषणात लोरींनी ही हकिकत सांगितली. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर राहणाऱ्या कार्ल नेल्सनची मुलाखत घ्यायला त्या गेल्या होत्या. रंगांविषयी तो बोलत होता आणि आपल्याला दिसतात त्याहून जास्त रंग याला दिसतात असं त्यांना वाटत राहिलं. त्यांनी त्याचा फोटो काढला. पुढे तो आंधळा झाल्याचं कळलं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा दाढीवाला म्हातारा तोच. जोनासला पहिल्यांदा दिसतो तो सफरचंदाचा लाल रंग, तोही क्षणभर, हवेत फेकलेलं फळ खाली येता येता.

धैर्याचं मूळ तोक्योत. वडील अमेरिकी सैन्यात, म्हणून ११ वर्षांची लोइस १९४८ मध्ये तिथे आली. घर वॉशिंग्टन हाइट्स या कुंपणाच्या आतल्या अमेरिकी वसाहतीत. शाळा, चर्च, थिएटर सगळं आतच. (आज तिथे योयोगी उद्यान आहे.) ती सायकल काढून फाटकाबाहेर, शिबुया या भागाच्या गजबजाटात जायची. आपण तिथे का राहिलो, असं पुढे आईला विचारलं तर उत्तर आलं की ते सुरक्षित होतं, सोयीचं होतं.

आणि आठवणींचा धागा वडिलांचा. म्हातारपणी त्यांची स्मृती गेली. थोरल्या मुलीचा फोटो ते ओळखायचे, पण तिचं काय झालं ते आठवेना. ती तरुणपणीच गेली होती. दुःख विसरणं सुखाचं खरं, पण ते बरं का, हा लोरींचा प्रश्न.

२०१४ च्या चित्रपटात जोनासला तरुण केलं, तिथेच माझा रस गेला. मिसरूड फुटलेल्याने घर सोडलं तर नवल काय?

पुस्तकातला मुलगा आईवडिलांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात आणि शब्द नीट वापर म्हणतात. 'प्रेम' हा शब्द फार मोघम आहे, आता कुणी वापरत नाही. काही दिवसांनी तो वडिलांना कामावर असताना पडद्यावर पाहतो. जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाला ते लाडाने बोलत सुई टोचतात आणि खोक्यात घालून खाली सोडून देतात. वस्तीत याला 'मुक्ती' म्हणतात. जोनास मात्र अचूक शब्द शोधतो. मारलं. बाबांनी मारलं त्याला.