पैदाशीला डुकराची मादी घेताय? आईचा एकच आकडा विचारू नका

आमच्याकडे मादी बघायला आलेला माणूस हमखास विचारतो, “हिची आई किती व्याली?” प्रश्न रास्त आहे, पण त्या एका आकड्यावर पैसे मोजू नका. वेतातल्या पिल्लांच्या संख्येची आनुवंशिकता जेमतेम 10 टक्क्यांच्या आसपास असते. बाकी फरक खुराक, माज ओळखून वेळेवर भरवणे, उन्हाळा, आजार आणि नशीब यांचा. आई एकदा 14 व्याली म्हणून लेकही 14 देईल, असे आम्ही सांगत नाही. आईची तीन-चार वेते, मावश्या, बहिणी अशा सगळ्यांच्या नोंदी एकत्र ठेवल्या की अंदाज पुष्कळ पक्का होतो. नराच्या आई-बहिणींचेही विचारा. लेकीत निम्मा वाटा त्याचा असतो.

सडांचे तसे नाही. त्यांची संख्या वंशातून बऱ्यापैकी उतरते. मादी कुशीवर आडवी करून एकेक सड बोटाने चाचपा. निदान सात जोड्या हव्यात. कुठे बेंबीसारखा खळगा लागला तर तो उलटा सड. त्यातून पिल्लाला दूध ओढता येत नाही आणि हा दोष लेकींत जातो. नराचेही सड मोजा. हसू नका, लेकींना ते त्याच्याकडूनही येतात.

जे गुण वंशातून कमी उतरतात, त्यांत संकराचा फायदा जास्त मिळतो. म्हणून विण्यासाठी आम्ही लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि लँड्रेस या डुकरांच्या दोन जातींची पहिल्या पिढीची संकरित मादी देतो. तिच्याच लेकी पैदाशीला ठेवत गेलात तर तो जोर ओसरतो. एकाच वेतातले भाऊ-बहीण ‘जोडी’ म्हणून मागणारे अजूनही येतात. देत नाही. जवळच्या नात्यात पिल्ले कमी होतात, मरतुक वाढते.

नुसत्या संख्येच्या मागे लागण्याचा अनुभव डेन्मार्कने घेतला. 1990च्या दशकात तिथे जन्मणाऱ्या पिल्लांच्या संख्येवर निवड झाली. वेत मोठे झाले, सोबत मेलेली पिल्लेही वाढली. 2004पासून त्यांनी पाचव्या दिवशी जिवंत असलेली पिल्ले मोजायला घेतली. आमच्या मादीच्या नोंदींच्या कार्डावरही हाच रकाना आहे.

मादी नेताना ते कार्ड मागून घ्या. एखाद्या वेतासमोर रकाना कोरा दिसला तर ती नोंद आमच्याकडून राहिली आहे. अंदाजाने आकडा भरत नाही.