वेबसाइट आकाशातून येत नाही

"मोबाइलला वायर नाही, म्हणजे इंटरनेट उपग्रहावरून येतं." हा समज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तो चुकीचा आहे. बिनतारी असतो तो फक्त फोनपासून टॉवरपर्यंतचा किंवा राउटरपर्यंतचा छोटा टप्पा. पुढचा प्रवास बहुतेक वेळा केबलमधूनच होतो: आधी जमिनीखालून, आणि समुद्र ओलांडायचा असेल तर समुद्रतळावरून. खंडाखंडांमधला ९५ टक्क्यांहून जास्त डेटा असाच जातो.

खोल समुद्रात ही केबल जेमतेम बागेला पाणी घालायच्या नळीएवढी जाड असते. आतले काचेचे तंतू केसासारखे बारीक, आणि त्यांतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो! अटलांटिकखालची पहिली फायबर केबल, टॅट-८, १९८८ साली सुरू झाली.

मग उपग्रह का नाही? अंतर बघा. भूस्थिर उपग्रह, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा उपग्रह, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तुमची मागणी वर जाऊन खाली येणार, उत्तरही तसंच. नुसत्या प्रवासातच जवळपास अर्धा सेकंद जातो. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना वेळ बराच कमी लागतो, आणि केबल पोचत नाही तिथे त्यांचा आधार फार मोलाचा आहे.

स्वतः बघायचं असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ट्रेसर्ट' (tracert) ही आज्ञा इंग्रजीत टाइप करून पुढे वेबसाइटचं नाव द्या. वाटेतले राउटर, म्हणजे डेटा पुढे पाठवणारी यंत्रं, ओळीने दिसतात. एखाद्या ओळीत मिलिसेकंदांचा आकडा एकदम वाढून पुढेही तसाच राहिला, तर बऱ्याचदा तिथे डेटा समुद्र ओलांडत असतो.