आयव्ही लीगमध्ये खेळायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि १९५४ चा एक करार

"आयव्ही लीगची स्पोर्ट्स स्कॉलरशिप कशी मिळवायची?" स्क्वॉश, टेनिस, पोहणं किंवा तलवारबाजी खेळणाऱ्या मुलांच्या आईबाबांचा हा ठरलेला प्रश्न. उत्तर एका ओळीचं आहे: हार्वर्ड, येल अशा आठ अमेरिकी विद्यापीठांच्या या लीगमध्ये अशी स्कॉलरशिप नाहीच. खेळामुळे प्रवेशाचं दार किलकिलं होतं. पैसे मात्र घरच्या परिस्थितीवर मिळतात, आणि ते कधीकधी सगळा खर्च भागेल इतके असतात. ही दोन खाती वेगळी, त्यांचे अर्ज वेगळे, कागद वेगळे. ती वेगळी का ठेवली आहेत हे कळलं, तर पुढची निम्मी धावपळ वाचते. त्यासाठी थोडा इतिहास.

लीग म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, भरवतो. पुणे किंवा शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात खेळतं ते नकाशावरच्या जागेमुळे. अमेरिकेत तसं नाही. तिथे विद्यापीठं आपापसात करार करून गट बांधतात आणि गटातले संघ दरवर्षी एकमेकांशी खेळतात. अशा गटाला कॉन्फरन्स म्हणतात. सगळ्यांच्या वर एनसीएए ही देशव्यापी संघटना आहे. आयव्ही लीग ही अशीच एक कॉन्फरन्स, एनसीएएच्या पहिल्या विभागातली. 'आयव्ही लीग' म्हणजे उच्च शिक्षणाचा एखादा सरकारी दर्जा, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. मुळात ते खेळाच्या वेळापत्रकाचं नाव आहे.

सदस्य आठ: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, ब्राउन, डार्टमथ, कॉर्नेल आणि पेन, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया. कॉर्नेल १८६५ चं, बाकी सातही अमेरिका स्वतंत्र होण्याआधीची. आयव्ही म्हणजे जुन्या दगडी भिंतींवर चढणारा वेल. हा 'चार'चा रोमन आकडा आहे, सुरुवातीला चारच कॉलेजं होती, ही गोष्ट चघळायला बरी आहे, पण तिला धड पुरावा नाही. हा शब्द १९३० च्या दशकात क्रीडापत्रकारांनी रूढ केला. डिसेंबर १९३६ मध्ये यांपैकी सात कॉलेजांच्या विद्यार्थी वृत्तपत्रांनी एकच अग्रलेख छापून 'आता रीतसर लीग करा' अशी मागणी केली. प्रशासनांनी ती तेव्हा मनावर घेतली नाही.

पार्श्वभूमी पैशांची होती. अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे १८५२ ची हार्वर्ड-येल नौकाशर्यत, आणि तिचा खर्च केला होता एका रेल्वे कंपनीने, प्रवासी मिळावेत म्हणून! पुढे कॉलेजांतल्या अमेरिकन फुटबॉलचं वेड एवढं वाढलं की खेळाडूंना आडमार्गाने पैसे देणं नित्याचं झालं. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनच्या अहवालाने ते सगळं चव्हाट्यावर आणलं. शेवटी १९४५ मध्ये आठही विद्यापीठांच्या अध्यक्षांनी फुटबॉलपुरता करार केला: खेळाडूही अभ्यासाच्या त्याच कसोटीवर घ्यायचा आणि खेळासाठी म्हणून पैसे द्यायचे नाहीत. फेब्रुवारी १९५४ मध्ये हा करार सर्व खेळांना लागू झाला. लीगचा जन्म हाच मानतात. रीतसर स्पर्धा १९५६ पासून.

तेव्हापासून आठाचे नऊ झालेले नाहीत आणि सातही नाहीत. आजच्या अमेरिकेत हे नवलच म्हणायचं. १८९६ च्या बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये नावात दहा असूनही आता अठरा विद्यापीठं आहेत. पॅक-१२ मधून २०२४ मध्ये दहा जण उठून गेले आणि मागे दोनच उरले. टीव्हीचे करार जिकडे मोठे, तिकडे विद्यापीठं जातात. आयव्ही मात्र जुन्या वाड्यासारखी, ना कोणी बाहेर जात ना नवा भाडेकरू येत. सदस्यत्वासाठी अर्ज मागवण्याची पद्धतच नाही. २०२५ मध्ये न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजांना खेळाडूंशी थेट उत्पन्न वाटून घेण्याची मुभा मिळाली, तेव्हाही आयव्हीने आधीच 'आम्ही यात नाही' असं सांगून टाकलं होतं. त्याआधी ब्राउनच्या दोन बास्केटबॉल खेळाडूंनी 'स्कॉलरशिप न देणं हे संगनमत आहे' म्हणून दावा लावला होता. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळला गेला. एकच गोष्ट सैल झाली: आयव्हीचा फुटबॉल विजेता २०२५ च्या हंगामापासून राष्ट्रीय बाद फेरीत खेळू शकतो. सत्तर वर्षं तेही बंद होतं.

पात्रतेच्या दोन चाळण्या

पहिली चाळणी एनसीएएची. तिच्या पात्रता केंद्रावर ऑनलाइन खातं उघडायचं. परदेशी विद्यार्थ्याला शुल्क दीडशे डॉलरच्या वर पडतं. नववी ते बारावी या चार वर्षांतले १६ मुख्य विषय मोजले जातात (एका विषयाचं एक वर्ष म्हणजे एक): इंग्रजी ४ वर्षं, गणित ३, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं २, आणि उरलेली ५ वर्षं याच विषयांतून किंवा दुसऱ्या भाषेसारख्या विषयांतून. शारीरिक शिक्षण धरत नाहीत. आपल्या मुलांची गोची होते ती गणितात. नववी-दहावीची दोन वर्षं होतात आणि अकरावीला जीवशास्त्र किंवा कला शाखा घेऊन गणित सोडलं जातं. अमेरिकेत खेळण्याचा विचार असेल, तर विषय निवडण्याआधी हे बघा. नंतर दुरुस्ती करणं अवघड जातं.

दुसरा खड्डा 'ड्रॉप'चा. बारावीनंतर नीट किंवा जेईईसाठी एक-दोन वर्षं घरी बसणं आपल्याकडे सर्रास चालतं. एनसीएए मात्र शाळा वेळेत संपली का, हे बघतं. बारावीनंतर ठरावीक सवलतीच्या काळापलीकडे तुम्ही स्पर्धा खेळत राहिलात, तर खेळण्याच्या चार हंगामांतला एखादा कापला जाऊ शकतो. टेनिसमध्ये हा हिशेब जास्त कडक आहे. आणि आयव्हीत कापलेलं वर्ष मागून भरून निघत नाही. इतर ठिकाणी खेळाडू एक वर्ष बाकावर बसून पाचव्या वर्षी खेळतात, पदव्युत्तर शिक्षण घेताना खेळतात. इथे पदवीच्या चार वर्षांत काय ते खेळून घ्या.

बक्षिसाच्या रकमेचे नियम अलीकडे बदलत चालले आहेत. म्हणून सल्ला साधा: कुठल्या स्पर्धेत किती मिळाले आणि प्रवास, राहणं, कोच यांवर किती गेले, याची पावत्यांसह एक वही ठेवा. दडवू नका.

स्क्वॉशवाल्यांसाठी वेगळी टीप. हा खेळ एनसीएएच्या अखत्यारीत नाही, तो कॉलेज स्क्वॉश असोसिएशनकडे आहे. पण आयव्हीचे आठपैकी बहुतेक संघ त्यात अव्वल आहेत आणि आपल्याकडच्या मुलांनी ही वाट आधीच मळवली आहे: आदित्य जगताप आणि मुंबईचा वीर चोत्रानी कॉर्नेलकडून खेळले, कोलकात्याचा रमित टंडन कोलंबियाकडून. लढतीत एका संघाचे नऊ जण क्रमवारीने खेळतात आणि नवव्याचा गुणही पहिल्याच्या गुणाइतकाच मोलाचा. त्यामुळे देशात पहिल्या तिनात नसलात तरी कोचला तुम्ही हवे असू शकता. नोंदणी नेमकी कुठे आणि कोणती लागेल, हे त्या त्या विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयाला ईमेलवर विचारा. उत्तर लेखी मिळतं.

दुसरी चाळणी खुद्द आयव्हीची, आणि खरी कसोटी हीच. एनसीएएचा किमान २.३ जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुणांक, इथे कोणी विचारतसुद्धा नाही. शाळेतले गुण आणि सॅट किंवा एसीटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षेचा स्कोअर मिळून 'अकॅडमिक इंडेक्स' नावाचा एक आकडा काढतात. खेळाडूंची सरासरी त्या विद्यापीठाच्या सर्वसाधारण विद्यार्थ्यांपासून फार खाली जाता कामा नये, हा लीगचा नियम. मध्यंतरी बऱ्याच ठिकाणी सॅट ऐच्छिक होती. आता बहुतेकांनी ती पुन्हा सक्तीची केली आहे किंवा करत आहेत. खेळाडूंनी ती ऐच्छिक समजूच नये, कारण आकडा नसला तर कोचला तुमची बाजू मांडणं जड जातं.

कोच, आणि कोचच्या हातात काय नाही

तुम्ही कोचला ईमेल कधीही करू शकता. त्याला मात्र बहुतेक खेळांत दहावीनंतरच्या १५ जूनपासूनच उत्तर देता येतं. म्हणून आठवीत पाठवलेल्या ईमेलला छापील मजकूर आला, तर हिरमुसू नका. बारावीत जाण्याच्या सुमारास, जुलैपासून, कोच तुमची गुणपत्रकं प्रवेश कार्यालयाला नजरेखालून घालायला देतो. तिथून हिरवा कंदील आला, तर तो तुम्हाला आपला पाठिंबा देतो. पुढे १ ऑक्टोबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत प्रवेश कार्यालय 'लाइकली लेटर' पाठवू शकतं. प्रवेश जवळपास नक्की आहे, गुण आणि वर्तन असंच ठेवा, असा त्याचा अर्थ. ते पत्र प्रवेश कार्यालयाचं असतं. कोचने फोनवर "यू आर इन" म्हटलं म्हणजे प्रवेश झाला असं नाही.

याच टप्प्यावर एजंट भेटतात. स्कॉलरशिपच्या रकमेवर टक्केवारी मागणाऱ्याला हात जोडा. तसा व्यवहार एनसीएएच्या नियमात बसत नाही आणि त्यात खेळाडूची पात्रता जाऊ शकते. आयव्हीची 'शंभर टक्के स्पोर्ट्स स्कॉलरशिप' मिळवून देतो म्हणणारा तर पहिल्याच वाक्यात खोटं बोलतोय.

प्रवेशअर्ज आणि गुणपत्रकांची वणवण

आठही ठिकाणी कॉमन अ‍ॅप या सामाईक ऑनलाइन अर्जावरून अर्ज करता येतो. शुल्क प्रत्येकी ७५ ते ९० डॉलरच्या आसपास, आणि परवडत नसेल तर माफीची सोय आहे. लवकरच्या फेरीची मुदत साधारण १ नोव्हेंबर, नियमित फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. कोच सहसा लवकरच्या फेरीत अर्ज करायला सांगतो. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ आणि पेनमध्ये ती फेरी बांधील असते: प्रवेश मिळाला तर जायचंच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनमध्ये तसं बंधन नाही. बांधील फेरीच्या अर्जावर पालकाचीही सही असते. ती करण्याआधी पैशांचा पुढचा भाग वाचा.

कागदांत सगळ्यांत वेळखाऊ आहे 'ट्रान्सक्रिप्ट', म्हणजे नववीपासूनच्या सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा. अमेरिकेत नववी ते बारावी ही एकच शाळा. आपल्याकडे दहावीपर्यंत शाळा आणि पुढे ज्युनिअर कॉलेज, म्हणजे दोन दारं. नववीचं प्रगतिपुस्तक घरी सापडत नाही. शाळेत जावं तर क्लार्क म्हणतात, "दहावीचं बोर्डाचं आहे ना, मग नववीचं कशाला?" त्यांना ट्रान्सक्रिप्ट हा शब्द सांगूच नका. लेटरहेडवर नववी आणि दहावीचे विषयवार गुण, कमाल गुण, शाळेचा शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही एवढं मागा. कोरा तक्ता टाइप करून सोबत न्या, काम त्याच दिवशी होतं. हेच ज्युनिअर कॉलेजात अकरावीसाठी. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. शिवाय दोन शिक्षकांची शिफारसपत्रं, ती शिक्षकांनी स्वतः अपलोड करायची. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी नसेल, तर टोफेल किंवा आयईएल्टीएससारखी परीक्षा.

नावाचंही बघून घ्या. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. सॅट, कॉमन अ‍ॅप आणि एनसीएए, तिन्हीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा. एकीकडे वडिलांचं नाव घातलं आणि दुसरीकडे गाळलं, तर एकाच मुलाच्या दोन फायली तयार होतात आणि स्कोअर भलत्याच फायलीत जाऊन पडतो.

पैशांचा अर्ज

१९५४ चा करार तुमच्या घरापर्यंत पोचतो तो इथे. मदत फक्त गरजेवर. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ आणि आता ब्राउनही परदेशी विद्यार्थ्याच्या प्रवेशाचा निर्णय करताना त्याने मदत मागितली की नाही, हे बघत नाहीत. कोलंबिया, कॉर्नेल आणि पेन बघतात. तिथे मदत मागायची असेल तर प्रवेशअर्जासोबतच मागा, 'आधी प्रवेश घेऊ, मग बघू' हे सहसा चालत नाही. हार्वर्डने २०२५-२६ पासून वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या घरांचा जवळपास सगळा खर्च उचलायचं जाहीर केलं आहे. हा आकडा रुपयांत करून बघा, म्हणजे आपली किती घरं त्यात बसतात ते कळेल.

अर्ज बहुधा सीएसएस प्रोफाइल या ऑनलाइन मदत-अर्जावर. एफएएफएसए हा दुसरा अर्ज अमेरिकन नागरिकांसाठी आहे, त्यात वेळ घालवू नका. लागतात: आईवडील दोघांचं आयकर विवरणपत्र, नोकरी असेल तर फॉर्म १६ किंवा पगारपत्रक, बँकेचे उतारे, घर आणि कर्जाचा तपशील. शेती असेल तर खुलासा करावाच लागतो, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्र अपुरं दिसतं. सातबारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, दोन्हींचं भाषांतर आणि सोबत एक पानी पत्र: जमीन किती, कोणाकोणाच्या नावावर, वर्षाला हातात काय उरतं. सामाईक सातबाऱ्यावर पाच नावं असतील, तर तुमचा वाटा किती ते ठळक लिहा. नाहीतर सगळी जमीन तुमचीच धरली जाण्याची भीती असते.

निकालानंतर

नियमित फेरीचे निकाल मार्चअखेर लागतात, होकार १ मेपर्यंत कळवायचा. मग विद्यापीठ आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र, पाठवतं. परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची ३५० डॉलरची सेव्हिस फी, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत. मदतीचं पत्र सोबत ठेवा, खर्च कोण करणार याचा तोच पुरावा. एफ-१ वर असताना जाहिरातींतून किंवा स्वतःच्या नावावर पैसे कमावणं, जे तिथले सहखेळाडू बिनधास्त करतात, ते तुम्हाला व्हिसाच्या अटींमुळे अडचणीत आणू शकतं. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय कुठेही सही नको.

बारावीचा निकाल या सगळ्यानंतर येतो, होकार कळवून झाल्यावर. 'प्रवेश झालाय, आता बोर्डाचं काय' असं म्हणत फेब्रुवारीत पुस्तकं मिटणारी मुलं असतात. अंतिम गुणपत्रिका विद्यापीठालाही जाते आणि एनसीएएलाही. गुण कोसळलेले दिसले, तर प्रवेश मागे घेण्याचा हक्क विद्यापीठाने राखून ठेवलेला असतो. मूळ गुणपत्रिका ज्युनिअर कॉलेजात ज्या दिवशी वाटतील त्याच दिवशी आणा, त्याच संध्याकाळी स्कॅन करून दोन्हीकडे पाठवा, आणि मूळ प्रत हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही.