थोरली, धाकटी आणि रानातला आठवा हिस्सा

दोन बायका मागे ठेवून मुस्लिम शेतकरी वारला, की मराठवाड्यात खरी ओढाताण तलाठी सज्जात, फेरफाराच्या नोंदीवरून सुरू होते. हिस्से कुराणानेच ठरवलेले आहेत: नवऱ्याला मूलबाळ असेल तर बायकोला आठवा, नसेल तर चौथा. बायका कितीही असोत, तेवढाच हिस्सा त्या सगळ्यांत समान वाटला जातो. 16 एकर रान आणि मागे मुलं असतील तर 2 एकर बायकांचे; दोघी असल्या तर एकेक एकर, चौघी असल्या तर 20-20 गुंठे. मूल एकट्या धाकटीला असलं तरी आठव्याचाच नियम दोघींना लागतो. म्हणजे धाकटीच्या मुलामुळे निपुत्रिक थोरलीचा वाटा निम्म्यावर येतो, आणि म्हातारपणी आधाराला पोरंही नसतात.

निजामाच्या राज्यात जहागिरी आणि इनामांची वारसाई सरकारी मंजुरीवर चाले. विधवांच्या वाट्याला बहुधा गुजारा, म्हणजे पोटापुरती नेमणूकच येई. जहागिरी 1949 मध्ये गेल्या.

रानातल्या आठव्या हिश्श्याचा घोळ आहे तो 1937 च्या शरियत कायद्यात. रूढीच्या नावाखाली मुस्लिम बायकांचा वारसा बुडवला जातो, तो थांबावा म्हणून हा कायदा आला. पण त्यातच एक कंस घातला गेला: शेतजमिनीचा वारसा वगळून. कारण असं दिलं जातं, की तेव्हा शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांचा विषय होता, केंद्राला हात घालता येत नव्हता. हे खरंच आहे. पण ज्या समाजाची बहुतेक मालमत्ता रानातच होती, तिथल्या बाईच्या हातात या कायद्याने काय पडलं? घर, भांडीकुंडी, दागिने. राज्यघटनेने वारसा हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्यं दोघांनाही कायदा करता येतो अशा यादीत घातला, तेव्हा ते कारणही संपलं. मद्रासने 1949 मध्ये आणि केरळने 1963 मध्ये शेतजमीन कायद्याखाली आणली. महाराष्ट्राने कंस तसाच ठेवला.

मराठवाड्यात हा कायदा लागू झाला तो 1 फेब्रुवारी 1960 पासून, महाराष्ट्र स्थापनेच्या तीन महिने आधी, आणि कंसासकटच. गावातल्या घराच्या वाटणीत आठव्या हिश्श्यावर कोणी फारसं बोलत नाही. रानाचा विषय निघाला की मात्र दीर आणि सावत्र मुलं म्हणतात, ‘आमच्यात बायकांना जमीन देत नाहीत.’ असं म्हणायला जागा त्या कंसानेच ठेवली. मग हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो. दुसरा निकाह केला तर हिस्सा जातो, असंही विधवेला सांगतात. शरियतमध्ये असं काहीही नाही.

मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला कबूल केलेली रक्कम, तर अनेकींना आठवतही नाही. निकाहनाम्यात उधार राहिलेला मेहर म्हणजे नवऱ्यावरचं कर्ज. वाटणीच्या आधी तो फिटला पाहिजे, आणि ज्या बायकोचा तो तिलाच. नवऱ्याची मालमत्ता मेहरपोटी रीतसर विधवेच्या ताब्यात असेल, तर मेहर मिळेपर्यंत तिला ताबा ठेवता येतो, हे 1916 मध्येच लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केलं होतं.

अलीकडे वारस नोंदीत आणखी एक नाव येऊ शकतं. एका दमात दिलेला तीन तलाक 2017 च्या निकालाने आणि 2019 च्या कायद्याने रद्दबातल ठरला. असा तलाक देऊन माहेरी पाठवलेली थोरली कायद्याने बायकोच राहते. नवरा वारला की ती धाकटीबरोबर आठव्या हिश्श्याची वाटेकरी असते, आणि वारस नोंदीच्या अर्जातून तिचं नाव गाळता येत नाही.