श्रमसेवेची पार्श्वभूमी : वर्दूनपासून तासांच्या वहीपर्यंत

पहिल्या महायुद्धाच्या तोफांनी फ्रान्समधल्या वर्दूनच्या आसपासची गावे भुईसपाट केली होती. त्यांपैकी एन-आं-आर्गोन या गावात नोव्हेंबर 1920 मध्ये स्वित्झर्लंडचे शांततावादी पिएर सेरेझोल मोजक्या स्वयंसेवकांना घेऊन पोहोचले. तुकडीत कालपर्यंत शत्रू असलेले जर्मनही होते. त्यांनी तात्पुरती घरे उभारली, रस्ता दुरुस्त केला. स्थानिक विरोधामुळे काही महिन्यांतच काम गुंडाळावे लागले. तरीही आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांची परंपरा या अर्धवट राहिलेल्या कामापासूनच मोजली जाते. पुढे 1928 मध्ये ऱ्हाईनच्या पुरात गाळाने भरलेल्या लिश्टेनश्टाइनमध्ये सातशेहून अधिक स्वयंसेवक राबले. बिहारमध्ये 1934 चा भूकंप झाला तेव्हा सेरेझोल तिथेही पुनर्वसनासाठी गेले.

यामागचा विचार थोडा आधीचा. युद्धात जी शिस्त आणि एकजूट अंगी येते, ती तरुणांना खाणी, मासेमारीच्या बोटी, रस्ते आणि बोगदे यांवरच्या कामातून मिळावी, असे अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी 1910 मध्ये मांडले होते. मात्र या कल्पनेचे शिक्षणपद्धतीत रूपांतर केले ते जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी. नाझी जर्मनीतून बाहेर पडून त्यांनी 1934 मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर गॉर्डनस्टन शाळा काढली. तिथली मुले किनारारक्षकांसाठी पहारा देत. 1941 मध्ये वेल्समधल्या अबर्डोव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ या नावाने तरुणांसाठी सुमारे महिनाभराचे साहसी प्रशिक्षण सुरू झाले आणि 1956 मध्ये ब्रिटनमध्ये तरुणांसाठीची ‘ड्यूक ऑफ एडिनबरा’ पुरस्कार योजना आली. सेवा, मोहीम, शरीरसामर्थ्य आणि एखादा छंद किंवा कौशल्य असे तिचे मूळ विभाग होते. हान यांचा भर बचावकार्यावर होता, आणि त्याचे कारण आजही पटते : दुसऱ्याचा जीव आपल्या हाती असेल तर सराव आळसाने करता येत नाही.

योजना मोठ्या झाल्या तशी मोजदाद आली. भारतात 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचे शिबिर अशी चौकट ठरली. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाने सेवा आणि इतर उपक्रमांसाठी एकेकाळी 150 तासांची अट घातली होती. पुढे ती काढून 18 महिने सातत्य आणि किमान महिनाभर चालणारा एक प्रकल्प यांवर भर दिला. हा बदल योग्यच होता. तासांची वही भरली म्हणून मूल वाढले असे होत नाही.

मुलांच्या श्रमशिबिरांतली कामे फसतात ती बहुतेक वेळा निवडीत. भिंत रंगवणे सोपे, छायाचित्रही छान येते. पण ती रंगवायला कोणी सांगितले होते का? रोपे लावली जातात आणि उन्हाळ्यात पाणी घालायला कोणी नसते. म्हणून काम ठरवण्याआधी निदान दोनदा पाहणी करावी, गरज तिथल्या लोकांच्याच तोंडून ऐकावी आणि काम संपल्यावर देखभाल कोण करणार याचे नाव लिहून घ्यावे.

आव्हानाचे मापही चुकते. वीस मुलांना पाचच फावडी दिली तर पंधरा जण उभी राहतात आणि कंटाळा पसरतो. पाच-सहा जणांचे गट करावेत. एकाने खणायचे, एकाने घमेले भरायचे, बाकीच्यांनी वाहायचे, आणि अर्ध्या तासाने अदलाबदल. पहिल्या दिवशी दोन-तीन तास पुरे. हाताला फोड आले की दुसऱ्या दिवशी निम्मी मुले मागे सरतात. अवघड निर्णय मात्र मुलांकडेच ठेवावेत : साहित्य कमी पडले तर काय करायचे, पाऊस आला तर कोणते काम आधी. मोठ्यांनी फक्त सुरक्षेपुरता हस्तक्षेप करावा.

रोज संध्याकाळी वीस मिनिटे बसणे टाळू नये. ‘कसे वाटले?’ या प्रश्नाला ‘छान’ एवढेच उत्तर मिळते. आज कुठे अडले, कोणाचे ऐकले नाही, उद्या काय बदलायचे, असे विचारले तर मुले बोलू लागतात. या बैठकीला गावातले कोणी आले तर चर्चा लगेच जमिनीवर येते. बांध कुठे फुटतो हे त्यांना माहीत असते.