फ्लोट ट्यूब की पाँटून? आधी बूड कुठे टेकलंय ते बघा

हवा भरलेल्या दोन फुगीर नळ्या, मधे खुर्ची, खुर्चीत गळ घेऊन बसलेला एकटा माणूस. फ्लोट ट्यूब आणि पाँटून, मासे धरायची ही दोन्ही तरंगती साधनं फोटोत सारखीच वाटतात. पूर्वी फ्लोट ट्यूब म्हणजे कापडी खोळीत घातलेली ट्रकच्या टायरची ट्यूब, चांगली गोल गरगरीत, त्यामुळे घोळ व्हायचं कारण नव्हतं. पुढे यू आणि व्ही आकाराच्या ट्यूब आल्या आणि दोन नळ्यांच्या पाँटूनशी त्यांची गल्लत सुरू झाली.

नळ्या मोजत बसू नका, बसणाऱ्याचं बूड बघा. ट्यूबमध्ये ते जवळपास पाण्याच्याच पातळीला असतं आणि पाय पाण्यात लोंबतात. पाँटूनची खुर्ची धातूच्या सांगाड्यावर, पाण्यापासून चांगली उंच असते.

ट्यूब चालते पायांवर. फिन, म्हणजे पोहताना पायात घालतात ते रबरी पंखे, चढवायचे आणि पाय झाडत पाठीच्या दिशेने सरकायचं. वेग यथातथाच, पण दोन्ही हात मोकळे राहतात. मासा ओढ घेत असताना एका पायाच्या फटकाऱ्याने अख्खं बूड वळवता येतं. हे सुख वल्ह्यांत नाही. मांडीवर जाळीचा पदर ताणलेला असतो. गळाचा ओढून घेतलेला दोर त्यात साठतो, आणि बऱ्याच पदरांवर माप छापलेलं असल्यामुळे मासा तिथेच मोजून सोडता येतो. मात्र इतकं खाली बसल्यावर गळ फेकताना दोर मागे पाण्याला टेकतो, आणि गार पाण्यात वेडरच्या (पाणी आत न येऊ देणाऱ्या विजारीच्या) आत उबदार कपडे नसतील तर पाय बधिर होतात.

आणखी एक: फिन घालून पाण्यात उलटं चालत उतरायचं असतं. मी पहिल्यांदा ऐटीत सरळ निघालो. फिनचं टोक दुमडलं आणि गुडघाभर पाण्यात तोंडावर पडलो.

पाँटूनला वल्ही असतात. लांबचा पल्ला किंवा समोरचा वारा असेल तर तेच बरं. उंचावरून गळही लांब जातो. पण वारा त्यालाच जास्त ढकलतो, म्हणून नांगर हवा. शिवाय ट्यूब पाठीवर मारून डोंगरातल्या तळ्यापर्यंत चालत जाता येतं. सांगाड्यासकट पाँटून तसं नेऊन दाखवा!

वाहत्या पाण्यात मात्र ही गल्लत जिवावर बेतू शकते. ट्यूबमधले लोंबते पाय दगडाच्या फटीत किंवा बुडालेल्या फांदीत अडकले, की मागून प्रवाह रेटतो आणि ट्यूब उलटते. नदीत ट्यूब नकोच. पाँटूनवर पाय वर घेता येतात, वल्ही मारून काठ गाठता येतो, म्हणून संथ नदीत ते चालतं. लाइफ जॅकेट दोन्हींत हवंच.

दुपारी जेवायला काठावर आलात तर उन्हात ठेवण्याआधी थोडी हवा सोडा. आतली हवा तापून फुगते आणि शिवण उसवते. परत गार पाण्यात गेल्यावर नळ्या मऊ पडतात, तेव्हा पंप जवळ ठेवा.